उसनी कातडी आणि जंतू



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना पाल्हाळ खपत नसे. तेव्हा थेट विषयाला हात घालते. मोठ्या प्रमाणावर भाजलेला माणूस पहिले दोन-तीन दिवस तरून गेला, की पुढे त्याच्या जिवावर उठतात ते जंतू. मी सूक्ष्मजीवशास्त्राची. आयुष्यभर महापालिकेच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून वॉर्डातून आलेले पू, रक्त आणि जखमेचे तुकडे तपासले. शस्त्र कधी हाती धरले नाही, त्यामुळे आज जे सांगणार आहे ते मायक्रोस्कोपच्या बाजूने पाहिलेले आहे असे समजा.

खोल भाजलेले कातडे मेलेले असते. वरून ते चामड्यासारखे कडक दिसते आणि त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या गोठून बंद पडलेल्या असतात. शिरेतून दिलेले अँटिबायोटिक रक्ताबरोबर फिरते. जिथे रक्तच पोचत नाही तिथे औषध पोचायचे कसे? जंतूंना मात्र रक्ताची गरज नसते. ऊब, ओल आणि शिजलेले प्रथिन एवढे त्यांना पुरते. सुरुवातीला बहुधा रुग्णाच्याच अंगावरचे स्टॅफिलोकॉकस येतात आणि आठवडाभरात स्युडोमोनास. ड्रेसिंग हिरवे झाले आणि त्याला तो ओळखीचा गोडसर वास आला, की सिस्टर नमुना पाठवतानाच सांगायच्या, ‘मॅडम, स्युडोमोनासच निघणार बघा.’ बहुतेक वेळा तोच निघायचा. आता त्याच्या जोडीला ॲसिनेटोबॅक्टर आहे.

आमच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एक अक्षर असते. जंतू औषधाला दबत असेल तर ‘एस’, दाद देत नसेल तर ‘आर’. पूर्वी त्या रकान्यात दोन्ही अक्षरांची सरमिसळ असे. पुढे पुढे वरपासून खालपर्यंत नुसते ‘आर’ येऊ लागले आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एखादा ‘एस’ उरला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अंदाजानुसार औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे गेली. नवी औषधे मुंगीच्या पावलांनी येत आहेत. म्हणून लोक पुन्हा एका जुन्या गोष्टीकडे वळले आहेत. ती म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातून काढलेल्या ऊती: कातडी, गर्भाभोवतीचे आवरण, डुकराच्या आतड्याचा थर. त्या जखमेवर घालायच्या आणि जंतूंचा बंदोबस्त करायचा.

यात नेमके काय खरे आणि किती, हा आजचा प्रश्न.

आधी एक आकडा सांगते, कारण बाकीचा हिशेब त्यावर उभा आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत क्रिझेक आणि रॉब्सन या शल्यवैद्यांनी जखमेतले जंतू मोजायला घेतले. जखमेचा लहानसा तुकडा कापायचा, वजन करायचे, सलाइनमध्ये घोटायचा, दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करत न्यायचा आणि प्लेटवर पसरायचा. दुसऱ्या दिवशी उगवलेले ठिपके मोजायचे आणि मागे गुणत जायचे. काम कंटाळवाणे आहे, पण त्यातून निघालेली गोष्ट पक्की होती. एक ग्रॅम ऊतीत जंतू एक लाखाच्या आत असतील तर वर लावलेली कातडी बहुधा धरते. लाखाच्या वर गेले तर बहुधा सुटते. म्हणजे जखम निर्जंतुक व्हावी लागत नाही. जंतूंची संख्या शरीराला झेपेल इतपत खाली आणावी लागते, बाकीचे शरीर पाहून घेते. मी हा आकडा शिकाऊ डॉक्टरांना पाठ करायला लावत असे.

संख्या खाली आणायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग औषधाचा नाही, सुरीचा आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, आजच्या स्लोव्हेनियात, मारिबोर नावाचे गाव आहे. तिथल्या झोरा यांझेकोविच या बाईंनी भाजल्यानंतर पहिल्या काही दिवसांतच मेलेली कातडी पातळ पातळ चकत्यांनी तासून काढायला सुरुवात केली. खालून ताजे रक्ताचे ठिपके फुटेपर्यंत तासायचे आणि लगेच त्यावर रुग्णाचीच निरोगी कातडी लावायची. १९७० साली त्यांचा लेख छापून आला. तोवरची रीत अशी होती, की मेलेली कातडी आपोआप गळून पडेपर्यंत तीन-तीन आठवडे मलम लावत बसायचे. ती गळायची, पण गळायची तीच मुळी जंतूंनी तिचा खालचा थर कुजवल्यामुळे. बाईंनी जंतूंचे घरच उचलून बाहेर टाकले. भाजण्यावरच्या उपचारांत एवढा मोठा बदल दुसरा क्वचितच झाला असेल, आणि तरी आपल्याकडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही हे नाव सांगता येत नाही.

पण ज्याचे निम्म्याहून अधिक अंग भाजले आहे त्याची निरोगी कातडी आणायची कुठून? तासलेली जखम उघडी ठेवली तर दोन दिवसांत पुन्हा लाखाच्या वर. इथे दुसऱ्याची कातडी कामाला येते.

दुसऱ्याची कातडी टिकत नाही हे शास्त्राला कळले तेही भाजलेल्यांच्याच वॉर्डात. दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावार यांनी ग्लासगोमध्ये टॉमस गिब्सन या शल्यवैद्याबरोबर एका भाजलेल्या बाईवर तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. ते गळाले. पुन्हा त्याच भावाचे लावले, तर दुसऱ्या खेपेचे अधिक लवकर गळाले. शरीर परक्याला ओळखते आणि ओळख लक्षात ठेवते, हे त्यातून दिसले. १९४३ साली ते प्रसिद्ध झाले, १९६० साली मेडावार यांना नोबेल मिळाले आणि अवयवरोपणाचे सगळे शास्त्र त्यातून पुढे आले. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मात्र त्यातून व्यवहाराचा अर्थ काढला. गळणार ना? गळू दे. गळेपर्यंतचे दोन-तीन आठवडे तर मिळाले.

त्या दोन-तीन आठवड्यांत काय होते? जखम झाकली जाते. पाणी, प्रथिने आणि उष्णता बाहेर जायची थांबते. वेदना उतरते, म्हणून रुग्ण हातपाय हलवू लागतो, जेवतो. जेवतो म्हणून त्याची प्रतिकारशक्ती उभी राहते. खालून नवे अंकुर धरतात, त्यांत रक्त येते, रक्ताबरोबर पांढऱ्या पेशी येतात आणि औषधही येते. शिरेतून दिलेले जे अँटिबायोटिक कालपर्यंत वाया जात होते ते आज पोचायला लागते. उसन्या कातडीने स्वतः एकही जंतू मारलेला नसतो.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी २००० साली त्वचापेढी सुरू केली. देशातली ती पहिली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरची पेढी आली. काढलेली कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये चार अंश तापमानाला ठेवतात. ही पद्धत नेदरलँड्सच्या पेढीने रुळवली. ग्लिसरॉल पेशींतले पाणी ओढून घेते. पेशी मरतात, पण कातडीचा सांगाडा शाबूत राहतो आणि त्यावरचे जंतूही हळूहळू मरतात. अशी कातडी पाच वर्षे टिकते. तिला अतिशीत तापमान लागत नाही, साधा फ्रिज पुरतो. वीज जाणाऱ्या देशात याचे मोल काय ते वेगळे सांगायला नको.

आता वारेकडे येते. बाळंतपणानंतर पडणारी वार आपल्याकडे पुरतात. नाळ पुरलेल्या जागेशी माणसाचे नाते जन्मभराचे मानतात. दवाखान्यात मात्र ती पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाते. त्याच वारेला लागून गर्भाभोवतीची जी पिशवी असते तिचा सगळ्यात आतला पदर म्हणजे ॲम्निऑन. अगदी पातळ, पारदर्शक आणि भलताच चिवट. त्याच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत आणि परकेपणाच्या खुणाही इतक्या कमी, की शरीर त्याच्यावर फारसे चिडत नाही. १९१० साली जॉन्स हॉपकिन्समधल्या डेव्हिस यांनी तो कातडीच्या जागी वापरून पाहिला. १९१३ साली भाजलेल्या जखमांवर वापरल्याचे वृत्तांतही आहेत. मग तो मागे पडला, पुन्हा आला, पुन्हा मागे पडला.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली. ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती उभी केली. शेजारी तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ हा गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा कारखाना १९७४ पासून होताच. दोन्हींची गाठ पडली आणि कचऱ्यात जाणारी वस्तू पाकिटात आली.

ती पाकिटात कशी येते? बाळंतीण आधी निवडलेली असते. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या झालेल्या असतात आणि तिची लेखी संमती असते. वार ताटात उताणी ठेवायची. बोटाने चाचपले की आतला पदर बाहेरच्या जाड पदरापासून सुटतो. घाई केली तर फाटतो, हळूहळू सोडवत नेला तर अख्खा निघतो. मग पाण्यात धुवायचे, पुन्हा पुन्हा, रक्ताची लालसर झाकही राहता कामा नये, कारण राहिलेले रक्त म्हणजे जंतूंचा डबा. धुतलेला पदर गॉजवर पसरून कोरडा करायचा, कापायचा, दुहेरी पाकिटात बंद करायचा आणि गॅमा किरणांखाली पाठवायचा. प्रमाण मानलेली मात्रा २५ किलोग्रे. बाहेर येतो तो कांद्याच्या पातीवरच्या पापुद्र्यासारखा पदर, सलाइनचे चार थेंब पडले की पुन्हा मऊ.

जखमेवर तो बसवताना सगळे कौशल्य बोटांत असते. सुरकुती राहता कामा नये, खाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पाणी साचले तर सुईने टोचून ते काढायचे आणि पदर पुन्हा दाबून बसवायचा. नीट बसला तर काही तासांत तो चिकटतो, वाळून तपकिरी कागदासारखा होतो आणि खाली नवी कातडी आली की कडेने सुटत जातो. पण जखम जंतूंनी भरलेली असली तर दुसऱ्या दिवशी पदर जाग्यावर नसतोच! तो विरघळलेला असतो. स्युडोमोनास प्रथिने पचवणारी रसायने सोडतो आणि रुग्णाच्या पांढऱ्या पेशीही सोडतात, त्या दोघांच्या तडाख्यात पदर नाहीसा होतो. मग दररोज किंवा दिवसाआड नवा पदर लावायचा. अनुभवी सिस्टर पदर कितपत टिकला यावरून जखमेची अवस्था सांगत. माझा कल्चर रिपोर्ट हाती यायला दोन दिवस लागत, त्यांना सकाळच्या ड्रेसिंगलाच कळलेले असे.

रॉब्सन आणि क्रिझेक यांनी १९७३ साली उंदरांच्या जंतुबाधित भाजलेल्या जखमांवर हाच पदर घालून जंतू मोजले, तर ते खाली आले. मग पदरात जंतुनाशक आहे का? आहे. त्यातल्या पेशी डिफेन्सिन, एलाफिन यांसारखी छोटी प्रथिने बनवतात, जी जंतूच्या आवरणावर घाव घालतात. पण प्लेटवर पदराचा तुकडा ठेवून पाहिला तर त्याच्याभोवती अँटिबायोटिकच्या चकतीभोवती पडते तसे स्वच्छ वर्तुळ पडत नाही. १९९१ साली टाल्मी आणि सहकाऱ्यांनी तपासून हेच मत दिले, की पदराचा गुण मुख्यतः घट्ट चिकटण्यात आहे. तो चिकटतो, खाली मोकळी जागा आणि साचलेला द्राव ठेवत नाही, आणि जंतूंना वाढायला पोकळी उरत नाही. शिवाय वाळवून, किरण देऊन, पाकिटात महिनोन्महिने ठेवल्यावर त्या नाजूक प्रथिनांचा गुण कितपत उरत असेल, हा प्रश्न आहेच.

मला वाटते, इथेच बहुतेकांची गल्लत होते. ऊतीत जंतुनाशक द्रव्य सापडणे वेगळे आणि ऊतीने जंतुसंसर्ग बरा होणे वेगळे.

बेडकाची गोष्ट याच जातीची आहे. अमेरिकेत बेथेस्डाला मायकेल झासलॉफ आफ्रिकी बेडकांची अंडाशये काढून प्रयोग करत. पोट शिवून बेडूक पुन्हा त्याच गढूळ टाकीत. टाके पिकत नसत. का पिकत नाहीत, असा प्रश्न त्यांना पडला आणि १९८७ साली त्यांनी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन ही जंतुनाशक प्रथिने वेगळी काढली. त्यावरून बनवलेले पेक्सिगॅनान नावाचे मलम मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठी पुढे आले. १९९९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी नाकारली, कारण हाती असलेल्या अँटिबायोटिकपेक्षा ते सरस ठरले नव्हते. बेडकाच्या अंगावर जे चालते त्यात बेडकाचे अख्खे कातडे, त्याचा स्राव आणि त्याचे जिवंत रक्त सामील असते. त्यातला एक रेणू उचलून ट्यूबमध्ये भरला की तो एकटा पडतो.

डुकराच्या आतड्याची कथा आणखी गुंतागुंतीची. स्टीफन बॅडिलॅक यांनी १९८०च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठात आतड्याचा आतला थर पेशी काढून टाकून कुत्र्याच्या रक्तवाहिनीच्या जागी लावला. आतडे म्हणजे जंतूंचे माहेरघर, तरी तो थर पिकेना. २००३ सालच्या प्रयोगात त्यांच्या गटाने कुत्र्यांच्या जखमेत मुद्दाम स्टॅफिलोकॉकस सोडून डेक्रॉन या कृत्रिम धाग्याची जाळी आणि हा थर यांची तुलना केली, तेव्हाही थर सरस ठरला. पण २००४ साली दुसऱ्या गटाने तोच माल प्लेटवर तपासला आणि सांगितले, की याच्यात जंतुनाशक गुण दिसत नाही. दोघेही खरे बोलत असावेत. शरीरात गेल्यावर पांढऱ्या पेशी तो थर पचवतात आणि पचताना त्याचे जे बारीक तुकडे सुटतात त्यांना जंतुरोधक गुण असतो. प्लेटवर कोणी पचवत नाही. रसायन लावून थर टिकाऊ केला तरी तो पचत नाही आणि मग हा गुण मिळत नाही.

या असल्या प्रयोगांवर मोठा व्यापार उभा राहिला. हर्नियाची शस्त्रक्रिया करताना आतड्यातली घाण जखमेत आली तर तिथे प्लास्टिकची जाळी नको, डुकराची महागडी जैविक जाळी घाला, ती पिकत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. शेवटी कोणीतरी नीट चाचणी घेतली. २०२२ साली ती प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत पुन्हा हर्निया होण्याचे प्रमाण प्लास्टिकच्या जाळीत ५.६ टक्के आणि जैविक जाळीत २०.५ टक्के निघाले. जैविक जाळीने जंतुसंसर्गातही काही बाजी मारली नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दावर आपला फार लोभ असतो म्हणून हे आकडे मुद्दाम सांगितले.

स्वस्त बाजूचेही एक उदाहरण देते. मुंबईतच डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली आणि १९८५ साली ती प्रसिद्ध केली. पुढे डॉ. गोरे यांनी केळीच्या पानांच्या पट्टीचा अभ्यास केला. बटाट्यात किंवा केळीच्या पानात चमत्कारी औषध आहे असा दावा दोघांनीही केला नाही. पट्टी ओल राखते आणि काढताना जखमेला चिकटून नवी कातडी ओरबाडत नाही, एवढेच. वरवरच्या भाजण्याला तेवढे पुष्कळ होते. खोल, पिकलेल्या जखमेला होत नाही, आणि ही मर्यादा दोघांनाही ठाऊक होती.

मर्यादा ओळखण्याची ही शिस्त डोळ्यांच्या डॉक्टरांनी चांगली पाळली आहे. शेतात काम करताना उसाचे पाते लागले, बुबुळावर फूल पडले, जंतू शिरले, असा रुग्ण आला की ते आधी थेंबांनी जंतू आटोक्यात आणतात आणि मग बुबुळ फुटू नये, भरून यावे म्हणून त्यावर ॲम्निऑनचा पदर बसवतात. औषधाच्या जागी पदर लावणारा डॉक्टर रुग्णाचा डोळा गमावतो.

आणि उसनी ऊती स्वतःच जंतू घेऊन येऊ शकते, हेही पाहायला हवे. २००१ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एक तेवीस वर्षांचा मुलगा गुडघ्याची साधी शस्त्रक्रिया करून घेऊन काही दिवसांत दगावला. मृत दात्याकडून आलेल्या हाडा-कूर्चेच्या तुकड्यात क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू होते. दात्याचे शव बराच वेळ थंड न करता राहिले होते. त्या वेळात आतड्यातले जंतू शरीरभर पसरतात. २०२१ साली त्याच देशात एका दात्याच्या हाडापासून बनवलेला माल शंभरहून अधिक रुग्णांच्या शरीरात घातला गेला आणि त्यांतल्या अनेकांना क्षयरोग झाला. हाडातल्या पेशी जिवंत राहाव्यात म्हणून मालावर किरण दिले नव्हते, आणि पेशींबरोबर क्षयाचे जंतूही जिवंत राहिले. आपल्याकडे १९९४चा अवयवरोपणाचा कायदा २०११ साली सुधारून त्यात ऊती आणल्या, तेव्हा पेढ्यांना नियमांच्या चौकटीत यावे लागले. कागदपत्रे फार मागतात म्हणून कुरकूर करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मिनेसोटाचा वृत्तांत मी त्यांना वाचायला देत असे.

व्याख्यानानंतर प्रश्न येतील, त्यांतले नेहमीचे तेवढे आत्ताच घेते. त्वचादानात सगळी कातडी सोलतात का? नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा केवळ वरचा पातळ पदर काढतात. रक्त वाहत नाही आणि शव विद्रूप होत नाही, वर पट्टी बांधून देतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीला कळवावे लागते. कारण मघाशी सांगितले तेच, उशीर झाला की दात्याचे जंतू कातडीत उतरतात. दाता अठरा वर्षांवरचा हवा, वरची वयोमर्यादा नाही आणि रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग असेल किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरून मृत्यू झाला असेल तर कातडी घेत नाहीत. पेढीची माणसे घरी येतात आणि काम पाऊण तासाच्या आसपास आटोपते. नेत्रदान झालेले असले तरी त्वचादान करता येते. दोन्ही पथकांना एकाच वेळी फोन करा, एक दुसऱ्याची वाट पाहत बसत नाही.